पिकअप नंतर, आधी फिलर गेज

वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये उमेदीची वर्षं गेली आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायची हौस, त्यामुळे ठाणे-ऐरोलीकडची पोरं गिटार पाठीला लावून घरी येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "काका, पिकअप कुठला टाकू?" माझं उत्तरही ठरलेलं: आधी मोजू या. बहुतेक वेळा पिकअप, म्हणजे तारेचं कंपन पकडणारा चुंबकाचा डबा, बिचारा निर्दोष असतो. तारा गंजलेल्या, नेक (बेसची मान) वाकलेली, सॅडल (ब्रिजवर तार टेकते ते तुकडे) कुठल्या कुठे. त्यावर महागडा पिकअप चढवला तर मेलेल्या तारेचा आवाज जास्त स्वच्छ ऐकू येतो, एवढंच.

सामान फार लागत नाही. बाईकचा मेकॅनिक टॅपेट लावायला वापरतो ते फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा), अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी, स्क्रू ड्रायव्हर, कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), ट्यूनर आणि एल-कीचा सेट. एल-की मात्र चांगल्यातली घ्या. आशियात बनलेल्या बेसच्या ट्रस रॉडला (नेकच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळी) बहुधा ४ किंवा ५ मिलिमीटरची लागते, काही अमेरिकन बेसना इंचाच्या मापाची. जवळपासची की बळंच घुसवली की रॉडचं तोंड गोल होतं, आणि मग पुढचं काम कारागिराचं.

क्रम मोडायचा नाही: तारा, नेक, उंची, इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर तार सुरात लागणं), मग पिकअप. नेक हलली की तारेची उंची बदलते, उंची बदलली की इंटोनेशन सरकतं. उलटीकडून सुरुवात केलीत तर सगळं दोनदा करायचं.

३४ इंच स्केलच्या (वाजणाऱ्या तारेच्या लांबीच्या) साध्या चार तारी बेसला ४५ ते १०५ चा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात तेवढ्या जाडीच्या तारांचा, निकेलचा सेट ठीक. जाड तार कापायची तिथे आधी काटकोनात वाकवून घ्या, मगच कटर लावा. नाहीतर आतल्या तारेवरचं वेटोळं सैल पडतं आणि तार पहिल्या दिवसापासून मुकी वाजते. ट्यूनिंगच्या खुंटीवर वेढे वरून खाली उतरत जावेत, दोन-तीन पुरेत. शिवाय एक गोष्ट, जी फार कमी लोक करतात: सॅडलच्या लगेच पुढे तार अंगठ्याने खाली दाबा. नवी तार सॅडलवरून कमान घेऊन निघते, ती कमान तशीच राहिली तर इंटोनेशन काही केल्या जागेवर येत नाही. ट्यूनिंग तुम्ही वाजवता तेच ठेवायचं. गायकासाठी तुमचा ग्रुप कायम अर्धा सूर उतरून वाजवत असेल तर सेटअपही उतरूनच करा, कारण ताण कमी झाला की नेक वेगळी उभी राहते.

आता नेक. बेस वाजवताना धरता तसा मांडीवर घ्या. पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) कॅपो लावा आणि ई, म्हणजे सगळ्यात जाड तार, शेवटच्या फ्रेटवर बोटाने दाबून धरा. ताणलेली तार हीच आता तुमची सरळपट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटचा माथा आणि तारेचं पोट यांच्यात जी फट दिसते, तीत फिलर गेजची ०.३० ची पात सरकवा. पात तारेला नुसती चाटून गेली, तार उचलली गेली नाही, तर माप बरोबर. मी ०.३० ते ०.३५ मिलिमीटर ठेवतो. पात हवेत मोकळी फिरली तर फट जास्त आहे, ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने आवळा. पात शिरतच नसेल तर उलटा फिरवून सैल करा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा ट्यून करा, पुन्हा मोजा. माप जमलं तरी रात्रभर ठेवा आणि सकाळी परत पात घाला, लाकूड सावकाश बसतं. रॉड जाम वाटला तर जोर करू नका. मोडलेला ट्रस रॉड म्हणजे बऱ्याचदा नवी नेकच.

आपल्याकडे हे माप वर्षातून दोनदा तरी घ्यावं लागतं: एकदा पाऊस चांगला लागून राहिला की, आणि एकदा हवा कोरडी झाली की. कुठली नेक कुठल्या बाजूला जाईल हे लाकडावर असतं, म्हणून मित्राने जुलैत रॉड सैल केला तर आपणही करायचा असं नाही. त्याच दमट हवेत सॅडलचे बारीक स्क्रू गंजून बसतात. कापसाच्या बोळ्याने शिवणयंत्राचं तेल किंचित लावत जा.

तारेची उंची बाराव्या फ्रेटवर मोजा, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या पोटापर्यंत. ई तारेला २.५ आणि जी, म्हणजे सगळ्यात बारीक तारेला २ मिलिमीटरपासून सुरुवात करा. बोटांनी हाणून वाजवणाऱ्याने थोडी वर ठेवावी. तार खरखरली की लगेच सॅडल उचलू नका, कुठे खरखरते ते ऐका. पहिल्या चार-पाच फ्रेटवरच असेल तर नेक फार सरळ झाली आहे. सगळीकडे असेल तर उंची कमी आहे. आणि हातात ऐकू येते पण ॲम्पमधून येत नाही, ती खरखर सोडून द्या. त्या मागे लागून लोक बेसचा जीव काढतात.

सॅडल तळाला टेकली तरी तार उंचच असेल, तर नेकचा कोन चुकला आहे. नेक सोडवा आणि तिच्या खाचेत ब्रिजच्या बाजूच्या कडेला व्हिजिटिंग कार्डाची पट्टी ठेवा. नेक पुन्हा बसवताना प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवायचा, टक करून खाली बसल्यासारखं लागतं, तिथून सुलटा. म्हणजे तो जुन्याच आट्यात जातो, लाकूड नव्याने कापत नाही. लाकूडकामात कुठेही उपयोगी पडेल अशी सवय आहे ही.

इंटोनेशनला पाच मिनिटं लागतात. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती बोटाने स्पर्शून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे.

पिकअप आत्ता. शेवटचा फ्रेट दाबून ई तारेखाली सुमारे ३ आणि जी तारेखाली २.५ मिलिमीटर अंतर ठेवा. आवाज मोठा हवा म्हणून पिकअप तारेला भिडवला तर चुंबक तार ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर थरथरतो. दोन पिकअपच्या जॅझ बेसवर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण असले की गुणगुण गायब होते, कारण दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात. एक जरा कमी केला की गुणगुण परत येते. तो बिघाड नाही, म्हणून उगाच उघडत बसू नका.

तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर ब्रिजची ग्राउंड वायर शाबूत आहे, शिल्डिंग (बाहेरची गुणगुण अडवणारं धातूचं आवरण) कमी पडतंय. पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालच्या भागाच्या) खोबणीत कॉपर टेप लावा, जोडांवर कथलाचा थेंब टाका, सगळी टेप ग्राउंडला जोडा आणि मल्टिमीटरने सलग आहे का बघा. जॅकचं सिग्नलचं टोक टेपला टेकलं तर आवाजच बंद होईल, तिथे इन्सुलेशन टेपचा तुकडा लावा. मांडवातली गोष्ट मात्र वेगळी. तिथे डेकोरेटर दोन पिनांचं एक्स्टेन्शन देतो, अर्थिंगचा पत्ता नसतो. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर केबल ओढून बाजूला व्हा आणि अर्थिंग होईपर्यंत वाजवू नका, आयोजक कितीही घाई करोत. ॲम्पची अर्थ पिन तोडणाऱ्याला तर मी स्टेजवर चढूच देणार नाही.

एवढं करूनही आवाज मनासारखा नसेल, तर बदलाला हात घाला आणि स्वस्तातून सुरुवात करा. टोनचा कपॅसिटर बहुधा ०.०४७ मायक्रोफॅरड असतो, ०.१ चा लावलात तर टोन बंद केल्यावर आवाज आणखी गडद होतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काही रुपयांत मिळतो. दुसरा मोठा फरक तारांचा. मोटाउनचा बेसवादक जेम्स जेमरसनने १९६२ च्या फेंडर प्रिसिजन बेसवर फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा ठेवल्या होत्या आणि त्या तो क्वचितच बदलायचा. जुन्या गाण्यांचा तो गोल, दबका ठोका फ्लॅटवाउंडमध्येच आहे, प्रीॲम्पमध्ये (बेसच्या आत बसवायच्या, बॅटरीवरच्या सर्किटमध्ये) शोधू नका. फक्त त्यांचा ताण बऱ्याचदा जास्त असतो, म्हणून नेक पुन्हा मोजायची.

पॉट बदलताना मापाची गफलत होते. स्वस्त बेसमधल्या छोट्या पॉटचा आटा ७ मिलिमीटरचा असतो, मोठ्या अमेरिकन पॉटचा ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ. पत्र्यातलं भोक रीमरने हळूहळू मोठं करा. ड्रिल सरळ घुसवलं तर पत्रा अडकून हातात फिरतो. नॉबही बघून घ्या: ६ मिलिमीटरच्या दांड्याचा नॉब पाव इंचाच्या दांड्यावर बसत नाही. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपला २५० के चं पॉट घ्या, व्हॉल्यूमसाठी ए (ऑडिओ) टेपर.

प्रीॲम्प बसवणार असाल तर ९ व्होल्टची बॅटरी जॅकमध्ये केबल घातल्याबरोबर चालू होते. केबल लावून बेस स्टँडवर ठेवला तर ती विनाकारण खर्च होत राहते. नवरात्रीच्या पहिल्या रात्रीच नवी बॅटरी घाला, एक खिशात ठेवा, आणि प्रीॲम्प घेताना पॅसिव्हवर (बॅटरीशिवाय) टाकायचा स्विच आहे ना, ते बघूनच पैसे द्या.