टाकी फुल करताय? मग ‘राऊंड फिगर’च्या नादात या चुका टाळा

पंपावरचा नेहमीचा संवाद. नोझल ‘खट्’ करून बंद होतं, मीटरवर 3,412 रुपये दिसतात आणि पंपावरचा मुलगा विचारतो, “साहेब, पस्तीसशे करू?” आपण मान डोलावतो. मग तो थोडं थोडं दाबत, कान देऊन, गाडी हलवून पस्तीसशेचा आकडा गाठतो. लिटरला 104 रुपये धरले तर हे 88 रुपये म्हणजे जवळपास साडेआठशे मिली पेट्रोल झालं. टाकीने नको म्हटल्यावर घशात ओतलेलं.

पंपावर पेट्रोल ओसंडलं की दोष मशीनला दिला जातो. बहुतेक वेळा मशीनने आपलं काम चोख केलेलं असतं, आपणच ते मोडीत काढतो.

नोझल आपोआप बंद करणाऱ्या या ऑटो कट-ऑफमध्ये कुठलाही सेन्सर किंवा वायर नसते. नोझलच्या टोकाला, आतल्या बाजूने नीट पाहिलंत तर एक बारीक छिद्र दिसेल. पेट्रोल वाहत असताना त्या छिद्रातून हवा ओढली जाते. टाकीतलं पेट्रोल वर येऊन छिद्र बुडलं की हवा थांबते, नोझलच्या मुठीत निर्वात तयार होतो, आतला पडदा खेचला जातो आणि खटका सुटतो. म्हणून पहिलं ‘खट्’ हाच खरा आकडा, मग तो 3,412 असो नाहीतर 3,387. यूपीआयच्या जमान्यात सुट्ट्या पैशांची सबबही उरलेली नाही.

त्यानंतर दाबलेलं पेट्रोल जातं कुठे? टाकीच्या वर कंपनीने मुद्दाम रिकामी जागा ठेवलेली असते, कारण पेट्रोल तापलं की फुगतं. जमिनीखालच्या टाकीतून आलेलं गार पेट्रोल मे महिन्यात जळगावच्या किंवा नागपूरच्या उन्हात उभ्या गाडीत वीस अंशांनी तापलं, तर चाळीस लिटरमागे पाऊण लिटरच्या आसपास वाढतं. तीच जागा आपण राऊंड फिगरला देऊन टाकतो. मग झाकणापाशी वास येतो, कधी पेट्रोल पाझरतं, आणि पेट्रोल गाडी असेल तर त्याहून वाईट होतं.

पेट्रोल गाडीत टाकीतली वाफ बाहेर न सोडता कोळशाच्या एका डब्यात साठवतात. त्याला कॅनिस्टर म्हणतात. इंजिन चालू असताना ती वाफ ओढून जाळली जाते. हा डबा वाफेसाठी आहे, पातळ पेट्रोलसाठी नाही. गळ्यापर्यंत भरलेल्या टाकीतून पेट्रोल त्या नळीत शिरलं की आतला कोळसा भिजतो आणि हळूहळू निकामी होतो. लक्षणं ओळखीची आहेत : एरवी गाडी ठीक, पण टाकी फुल केल्यावर लगेच स्टार्ट घेत नाही, आयडलिंगला थरथरते, मागच्या बाजूला पेट्रोलचा वास येतो, काही दिवसांनी इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजमध्ये प्लग आणि इंजेक्टर साफ होतात, बिल होतं, पुढच्या टाकीला तेच. असं होत असेल तर मेकॅनिकला आधी कॅनिस्टर आणि त्यातली वाफ इंजिनकडे सोडणारी झडप, म्हणजे पर्ज व्हॉल्व्ह, बघायला सांगा, आणि दोन-तीन वेळा पहिल्या खटक्यालाच थांबून फरक पडतो का ते पाहा. बीएस-6 स्कूटरलाही हा डबा असतो. डिझेल गाडीला तो नसतो, पण डिझेल फेसाळतं आणि सांडलं तर उडून जात नाही, रस्त्यावर दुचाकीवाल्यांना आडवं करतं.

गोव्याहून परतताना हद्दीवरच्या पत्रादेवीच्या अलीकडे टाकी ‘अगदी तोंडापर्यंत’ भरून घेणारे आपल्यात कमी नाहीत. तिथे पेट्रोल काही रुपयांनी स्वस्त असतं, तेव्हा टाकी जरूर फुल करा. पण खटक्यानंतरच्या अर्ध्या लिटरवर वाचतात ते दोन-चार रुपये. पुढे आंबोलीच्या चढावर तेच पेट्रोल मागे सरकून वाफेच्या नळीत शिरायला मोकळं.

टाकी रिकामी, तरी नोझल सारखं बंद पडतंय?

ही उलटी तक्रार. शंभर रुपयांचं भरलं की खट्, पुन्हा दाबलं की खट्. इथे एकच प्रश्न विचारायचा : हे एकाच पंपावर होतं की सगळीकडे? एकाच पंपावर होत असेल तर नोझल खराब आहे किंवा प्रवाह जास्त आहे. मुलाला सांगा, “दादा, जरा हळू सोड,” आणि नोझल थोडं फिरवून किंवा किंचित बाहेर घेऊन धरायला सांगा. सगळ्याच पंपांवर होत असेल तर दोष गाडीत आहे. टाकीत पेट्रोल शिरताना आतली हवा बाहेर पडावी लागते. ती हवा बाहेर नेणारी नळी चिखलाने, धुळीने किंवा कोळ्याच्या जाळ्याने तुंबली, की पेट्रोल उसळून नोझलच्या छिद्राला लागतं आणि खटका पडतो. कोकणातल्या लाल मातीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांत हे तपासून घ्याच. भिजून बंद झालेला कॅनिस्टरही हाच त्रास देतो, म्हणजे राऊंड फिगरची सवय इथेही अंगावर येते.

नोझल अर्धवट आत ठेवून भरलं तर मात्र खटका वेळेवर पडेलच असं नाही. दुचाकीत तसंच भरतात, म्हणून तिथे नजर टाकीवर हवी, मोबाइलवर नको.

सांडलंच तर गाडी लगेच स्टार्ट करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती गाडीखालीच रेंगाळते. गाडी ढकलून बाजूला घ्या, पंपावरच्या बादलीतली वाळू टाकायला सांगा आणि रंगावर ओघळलेलं पेट्रोल भरपूर पाण्याने धुवा. कोरड्या फडक्याने खसाखसा पुसलंत तर रंगावर ओरखडे राहतात.

सदतीसच्या टाकीत चाळीस लिटर कसं बसलं?

स्विफ्टच्या माहितीपत्रकात टाकी 37 लिटरची लिहिलेली असते. बिलावर त्याहून जास्त आकडा आला की पंपावर भांडण ठरलेलं. पण कंपनी सांगते ती सुरक्षित भरण्याची क्षमता. वरची मोकळी जागा आणि झाकणापासून टाकीपर्यंतची नळी त्यात धरलेली नसते. कोंबून भरलं तर जास्त बसणारच. तेवढ्यावरून पंप चोर ठरत नाही.

चोरी होत नाही असं नाही. 2017 मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यातल्या पंपांवर धाडी घातल्या, तेव्हा मशीनमधल्या पल्सरमध्येच, म्हणजे किती पेट्रोल गेलं ते मीटरला कळवणाऱ्या भागातच, फेरफार केलेले आढळले. पण म्हणूनच, राऊंड फिगरला कमी मिळतं या समजुतीने 500 ऐवजी 510 चं भरायची युक्ती मला कुचकामी वाटते. पल्सर खोटा असेल तर तो 510 लाही तितकंच कमी देतो. सकाळी गार हवेत भरलं तर जास्त मिळतं, हीही समजूतच. जमिनीखालच्या टाकीचं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. आणि ‘उन्हाळ्यात टाकी फुल केली तर स्फोट होतो’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज इंडियन ऑइलनेच खोडून काढला आहे. गाडीच्या कंपनीने दिलेल्या मर्यादेपर्यंत भरायला कुठल्याही ऋतूत हरकत नाही.

जुनी युक्ती अजून चालते ती वेगळी. हजाराचं सांगितलं की दोनशेला थांबायचं, “दोनशेच म्हणालात ना?” विचारायचं, आणि मग मीटर शून्यावर न आणता आठशेपर्यंत न्यायचं. आपण समजतो, दोनशे आणि वर आठशे, हजार झाले. दुसरा कुणी काच पुसायला किंवा कार्ड मागायला आला की त्याच वेळी मीटरकडे बघा.

अ‍ॅव्हरेज काढायचं असेल तरी पहिला खटकाच कामाचा. एकदा खटक्याला थांबायचं, पुढच्या वेळी गळ्यापर्यंत भरायचं, मग गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही म्हणून रडायचं, यात अर्थ नाही. शक्यतो त्याच पंपावर, पहिल्या खटक्याला, दोन्ही वेळा.

मापाबद्दल खरोखर शंका असेल तर पाच लिटरचं माप मागा. वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं हे माप प्रत्येक पंपावर असावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात भरून दाखवावं लागतं. माप सपाट जागेवर ठेवायला सांगा, मीटर शून्यावर आहे ना ते बघा, भरल्यावर फेस बसू द्या आणि मगच रेघ वाचा. पाच लिटरला 25 मिलीपर्यंतचा फरक नियमात बसतो. त्याहून कमी भरलं तर पंपावरच्या तक्रारवहीत लिहा, मशीनच्या नंबरासह बिलाचा फोटो काढून ठेवा आणि वैधमापन निरीक्षकाकडे किंवा ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार करा.