फ्युएल पंप घरी बदलताना: आयटीआयच्या नव्या पोरांसाठी माझा अनुभव

यंदा मोटर मेकॅनिकला लागलेल्या आमच्या गावच्या दोन-तीन पोरांनी मला विचारलं, फ्युएल पंप, म्हणजे टाकीत बसवलेली, पेट्रोल इंजिनापर्यंत ढकलणारी मोटर, घरी बदलता येतो का? येतो. घाटंजी तालुक्यातल्या आमच्या घरी, अंगणात, कडुनिंबाखाली मी तो बदलला आहे. पण एकाच गाडीचा पंप मला दोनदा बदलावा लागला. तो का, हे आधी सांगतो.

गाडी बाबांची, जुनी, पेट्रोलवरची, एमपीएफआय इंजिनची (म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारं इंजिन). नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता. पांढरकवड्याचं लग्न आटोपून येताना ती रस्त्यात बंद पडली. सेल्फ खणखणीत लागत होता, इंजिन मात्र पकडत नव्हतं. बाभळीच्या सावलीत अर्धा तास उभी केली तेव्हा सुरू झाली आणि दहा-बारा किलोमीटरवर पुन्हा तेच. मी तेव्हा आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला. पंप गेला असं घरी ठामपणे सांगितलं, यवतमाळहून नवी मोटर आणली आणि बसवली. पंप खरंच गेलेला होता. पण तो कशानं गेला हे मी तपासलंच नाही. दोन महिन्यांनी, ऐन फवारणीच्या दिवसांत, गाडी पुन्हा बंद.

या वेळी शेजारचे काकाजी आले. तीस वर्षं जीप-ट्रॅक्टरच्या गॅरेजात काढलेला माणूस. मी सीट उचलायला निघालो तर म्हणाले, "पाना ठेव खाली बाप्पा. आधी चाबी फिरव अन् आयक."

हे ऐकणं शिका. सेल्फ न मारता चाबी फक्त ऑन करायची आणि मागच्या सीटजवळ कान न्यायचा. साधारण दोन सेकंद घूंऽऽ असा बारीक आवाज येऊन थांबायला हवा. पंप लाइनमध्ये प्रेशर भरतो त्याचा तो आवाज. आवाज येतो आणि तरी गाडी सुरू होत नाही, तर टाकीला हात लावू नका. आधी स्पार्क पाहा, गेज लावून प्रेशर पाहा. बऱ्याच एमपीएफआय गाड्यांत ते ३ ते ३.५ बारच्या आसपास असतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर सुरू, हे लक्षण क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कळवणारा सेन्सर) खराब झाला तरी दिसतं. फरक एवढाच की सेन्सरचा दोष असेल तर चाबी ऑन केल्यावरचा तो घूं आवाज बहुधा येतोच. आवाज येतच नसेल तर क्रम असा: फ्यूज, रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा स्विच), वायरिंग आणि सगळ्यात शेवटी पंप. त्याच नंबरचा दुसरा रिले गाडीत असेल तर तो काढून लावून बघायचा, पैसा लागत नाही.

आता माझी चूक कुठे झाली ते. पहिल्या वेळी मी पंपाचं कनेक्टर काढून मीटर लावला होता. १२.३ व्होल्ट आले, म्हणून वायरिंग चांगली असं मानलं. काकाजींनी कनेक्टर जोडलेलं ठेवलं, मागच्या बाजूने पिना घातल्या आणि मला चाबी ऑन करायला लावली. पंप चालू असताना मीटरवर ८.९. लोड नसताना सडकी वायरही पूर्ण व्होल्टेज दाखवते. करंट वाहू लागला की खरं कळतं. शोधत गेलो तर सीटखाली बॉडीला लावलेला अर्थचा, म्हणजे निगेटिव्ह वायरीचा, नट गंजलेला, वायरीच्या टोकाला हिरवी पावडर आणि कनेक्टरची एक पिन जळून तपकिरी झालेली. कमी व्होल्टेजवर मोटर रडत चालत होती. काकाजी म्हणाले, "पंप काहून मेला थे पाह्यलं नाही, तं नवाही मरते." अर्थ घासून नवीन टोक लावलं, कनेक्टर बदललं आणि मगच पंपाकडे वळलो.

पंप काढण्याआधीची तयारी मी सगळ्यात जास्त वेळ सांगतो, कारण आपल्याकडचं घर म्हणजे अंगणाला लागून चूल आणि आंघोळीच्या पाण्याचा बंब. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते. आम्ही काम करत होतो तिथून ओट्यापर्यंत वास पोचला होता, आणि ओट्यापलीकडेच बंब. आईनं त्या दिवशी काम संपेपर्यंत काहीच पेटवलं नाही. पेट्रोल शून्याखाली ४० अंशांतही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, त्यामुळे हिवाळा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. उन्हाळ्यात तर पहाटेच काम करा, आणि उघड्यावरच. बंद शेडमध्ये अजिबात नाही. बिडी, मोबाइल, होल्डरला लटकवलेला बल्ब दूर. पावडरचं अग्निशामक नळकांडं हाताशी. टाकीत पाव भागाहून कमी पेट्रोल असलेलं बरं.

मग पंपाचा रिले काढून इंजिन सुरू करायचं. लाइनमधलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेल, म्हणजे प्रेशर उतरलं. त्यानंतर बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं. सीट उचलली की पंपावरच्या झाकणावर काळ्या मातीचा थर दिसेल, आमच्याकडे त्यात कापसाचे पुंजकेही होते. ओल्या फडक्यानं सगळं पुसून घ्या, नाहीतर हा कचरा थेट टाकीत. पाइपचे प्लास्टिकचे लॉक जुने झाले की ठिसूळ होतात. दोन्ही बाजूंनी दाबून, फडकं गुंडाळून हळू ओढा. पंप टाकीला धरून ठेवणारी मोठी गोल रिंग सोडवताना लोखंडी छिन्नी-हातोडी वापरू नका, ठिणगी पडते. आम्ही लाकडाचा ठोकळा लावून थोडं थोडं ठोकत फिरवली. काढण्याआधी खडूनं दिशेची खूण करा. पंप तिरका करून काढायचा, कारण खाली फ्लोटची काडी असते. ती वाकली की काटा कायम चुकीचं पेट्रोल दाखवतो.

नवी मोटर बसवताना दोन चुका सर्रास होतात. टाकीच्या आतल्या नळीसाठी साधा पेट्रोल पाइप वापरला तर तो बाहेरूनही पेट्रोलमध्ये बुडून काही दिवसांत फुगतो, फाटतो. बुडवून वापरायचा पाइप वेगळा मिळतो, तोच घ्या. आणि जुना रबर सील परत लावू नका. फुगलेला सील नीट बसत नाही, आणि वरून सिलिकॉन थापून तो प्रश्न सुटत नाही. पंपाच्या तोंडाची, पेट्रोल गाळणारी जाळीही नवीच.

जुनी जाळी काकाजींनी पांढऱ्या कापडावर झटकली तेव्हा मेंदीसारखा काळपट गाळ पडला. खेड्यात बाटलीतलं पेट्रोल टाकावं लागतं, तेव्हा जुन्या ओढणीतून दोनदा गाळून टाका. आणि शंभर-दीडशेचं पेट्रोल घालून काटा कायम तळाशी ठेवू नका, पंपाची मोटर पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहते.

ज्या गाडीत सीटखाली झाकण नसतं तिची पूर्ण टाकी उतरवावी लागते. ते जॅकवर अंगणात करू नका, गॅरेजला न्या. कॉमन रेल डिझेलची हाय प्रेशर लाइन तर शिकाऊ माणसानं उघडूच नये, तिथलं प्रेशर हजार बारच्याही वर जातं.

सगळं जोडून बॅटरी लावली. चाबी चार-पाचदा ऑन-ऑफ केली, टॉर्चनं प्रत्येक जोड पाहिला, मगच सेल्फ मारला. इंजिन चालू असताना पंपावर १३.५ व्होल्ट. आम्ही झाकण लावलं नव्हतं. काकाजी मागे सीट उचललेलीच ठेवून बसले, घाटंजीपर्यंत जाऊन आलो, आणि दर खड्ड्याला ते वाकून वास घेत होते.