हेड-पिस्टन बदलायलात? मग या चुका टाळा

उसाचा सीझन संपला की लातूर, बीड, जालन्याकडं गॅरेजपुढं इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलेल्या गाड्या लागतात आणि बरेच मालक म्हणतात, उतरवलंच आहे तर पिस्टन भारीचे टाकू, हेड टर्बोवालं बसवू, पिकअप वाढंल. रोज माल ओढणाऱ्या गाडीत नुसतं हेड-पिस्टन बदलून पिकअप वाढत नसतो भाऊ. डिझेल इंजिनची ताकद आत किती हवा जाते आणि तिच्यात किती डिझेल नीट जळतं त्यावर असते, पंप, नोझल (डिझेलचा फवारा मारणारी) आणि टर्बो (हवा दाबून आत भरणारा) तेच ठेवून वरचं सामान भारी टाकलं तर गेलेलं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधी हवा दाबली जाणं, परत येईल, बस. त्याच्यासाठी कंपनीच्याच मापाचं चांगलं सामान पुरतं.

टाटा ४०७ मधलं ४९७ इंजिन घ्या, साध्याचाही बोअर (सिलिंडरच्या भोकाचं माप) ९७ मिमी आणि टर्बोवाल्याचाही ९७, म्हणून काही जण टर्बोचे पिस्टन साध्या इंजिनात घालतात. बसायला बसतात हो. पण टर्बोच्या पिस्टनला बहुतेक वेळा कॉम्प्रेशन कमी ठेवलेलं असतं, म्हणजे डिसेंबरात सकाळी सेल्फ मारत बसा. दुसरं, पिस्टनच्या डोक्यावरची वाटी नोझलच्या फवाऱ्याच्या मापाची असते, वाटी बदलली आणि नोझल तीच राहिली की फवारा भलतीकडंच पडतो, काळा धूर चालू होतो आणि लोड कायम असला तर पिस्टनचं डोकं वितळतं. तिसरं, काही टर्बो इंजिनात पिस्टनला खालून ऑइल मारणारे जेट असतात. तुमच्या ब्लॉकला ते आहेत का, हे सामान घ्यायच्या आधी बघा.

आता हेड. हेड तापून वाकलंय का हे डोळ्यानं कळत नाही, सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून खालून फीलर गेज (मापाची पातळ पट्टी) घालावं लागतं, साधारण ०.०५ मिमीच्या वर गेज शिरायला लागलं की फेसिंग, म्हणजे मशिनवर घासून सपाट करणं, लागतं, नक्की आकडा मॅन्युअलमधला घ्या. फेसिंगच्या आधी प्रेशर टेस्ट करून घ्या, व्हॉल्व जिथं टेकतात त्या दोन सीटच्या मधी बारीक तडा असतो तो पुसून बघितलं तरी दिसत नाही आणि तसल्या हेडवर केलेली फेसिंग म्हणजे पैसे पाण्यात. परत परत फेसिंग केलेलं हेडही नको. तितकं मटेरियल गेल्यावर व्हॉल्व खाली येतात, पिस्टनला टेकू शकतात, म्हणून सीट खोल करून घ्यावी लागते आणि नोझलही आत जास्त निघते.

हेड आणि ब्लॉकच्या मधली गॅस्केट दुकानदार देईल ती आणू नका. पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या किती बाहेर येतो ते डायल गेजनं प्रत्येक सिलिंडरला मोजायचं आणि सगळ्यात जास्त आलेल्या मापावर गॅस्केटची जाडी ठरवायची, बऱ्याच गॅस्केटच्या कडेला त्यासाठीच खाचा नाहीतर भोकं पाडलेली असतात. नवीन पिस्टन टाकल्यावर जुन्या गॅस्केटची खूण बघून तीच परत आणणं ही लई कॉमन चूक.

रिंगा थेट पिस्टनवर चढवू नका, आधी एकेक रिंग बोअरमधी सरळ बसवून तोंडाचा गॅप मोजा. मोटा हिशोब १०० मिमी बोअरला ०.३ ते ०.४ मिमी. गॅप कमी राहिला तर गरम झाल्यावर रिंगची दोन टोकं एकमेकाला भिडतात आणि बोअरला ओरखडे पडतात. टॉप लिहिलेली बाजू वर, तोंडं एका रेषेत नाहीत, एवढं तर मिस्त्रीला माहीतच असतं, पण काम गुत्त्यानं दिलं असलं की घाई असते, म्हणून समोर उभं राहा. होनिंगनंतर (बोअरला आतून बारीक रेघा मारल्यावर) बोअर रॉकेलनं किंवा डिझेलनं पुसून भागवतात, तेही चुकतं, बारीक पावडर रेघांत बसून राहते. गरम पाणी आणि साबणानं घासा, पांढरं फडकं फिरवून काळं निघायचं थांबेपर्यंत, आणि लगेच ऑइल लावा नसता गंज चढतो.

हेड बोल्टच्या बंद भोकात पाणी-ऑइल राहिलं तर बोल्ट आवळताना दाबानं ब्लॉकला तडा जातो, म्हणून आधी हवा मारा. मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क रेंचनंच. ताणून बसणारे बोल्ट असतील तर नवेच घ्या.

खरा घोटाळा मात्र आपल्याकडं पाण्याचा आहे. मराठवाड्यात बोअरवेलचं पाणी जड, तेच रेडिएटरमधी वर्षानुवर्षं ओतायचं, आत पांढरा थर जमतो, हेडभोवतीची उष्णता निघत नाही, आणि मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत मांजरसुंब्याच्या घाटात लोड घेऊन निघालं की काटा वर. मग मिस्त्री म्हणतो, थर्मोस्टॅटच (इंजिन गरम झाल्यावर रेडिएटरकडं पाणी सोडणारा व्हॉल्व) काढून टाकू. नका काढू. नसल्यावर इंजिन नेहमी थंडच चालतं, बोअर झिजतो, अ‍ॅव्हरेज पडतं, आणि ज्या इंजिनात थर्मोस्टॅट बायपासचा, म्हणजे पाणी आतल्या आत फिरवणारा, रस्ता बंद करतो तिथं तो काढल्यावर पाणी रेडिएटरला न जाता आतच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. त्यापेक्षा हेड उतरलेलं असताना रेडिएटर रॉडिंग (नळ्यांत सळई घालून साफ करणं) करून घ्या, वॉटर पंप बघा आणि कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरा.

बांधल्यावर तासभर आयडलवर ठेवायची पद्धत आहे, ती सोडा, त्यानं बोअर चकाकून रिंगा बसत नाहीत. हलका-मध्यम लोड टाकून, स्पीड कमीजास्त करत चालवा, आणि पहिलं ऑइल ५०० ते १००० किलोमीटरलाच काढा.

त्यानंतरही त्रास असेल तर असं बघा. गाडी रातभर उभी राहून सकाळी सुरू करताना निळा धूर एकदाच येत असेल तर व्हॉल्व सील, चढावर लोडमधी निळा मारायली असेल तर रिंगा. पांढरा धूर गोडसर वासाचा असेल तर पाणी आत जळायलंय. आणि थंड इंजिन सुरू केल्या-केल्या रेडिएटरचा होज हातानं दाबून बघा, मिनिटभरात कडक झाला आणि रेडिएटरच्या टाकीत बुडबुडे दिसले तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात यायलाय, हेड परत उतरवावं लागंल, त्या दिवशी भाडं घेऊ नका.