लिनोकट: माणसाच्या खोडींवर हसवणारं छापचित्र कसं करावं

माणसाच्या वागण्यातल्या गमतींसाठी लिनोकटसारखं माध्यम नाही. लिनो, म्हणजे लिनोलियमचा तुकडा, कोरायचा आणि न कोरलेल्या उंच भागाला शाई लावून कागदावर छाप घ्यायचा, हा लिनोकट. त्यात करडी छटा नसते. रेष ठेवायची किंवा काढायची, एवढंच हातात असतं. विनोदाला नको असलेलं सगळं त्यामुळे कोरतानाच गळून पडतं.

चित्र सवयीचं नको, क्षणाचं हवं. ‘माणूस विसराळू असतो’ याचं चित्र होत नाही. कपाळावर चष्मा चढवून तोच चष्मा उशीखाली शोधणाऱ्या बाईचं होतं. लिफ्टचं आधीच पेटलेलं बटण पुन्हापुन्हा दाबणारा, ‘ओढा’ लिहिलेलं दार जीव खाऊन ढकलणारा, समोरच्याने हात मागच्या माणसाला केला होता हे कळताच आपला उचललेला हात केसांकडे वळवणारा, असे विषय घ्या. मग ठरवा: चुकीच्या भरातला ठाम आत्मविश्वास दाखवायचा की लक्षात आल्यावरचं ओशाळणं? दोन्ही एका चेहऱ्यावर आणलं की काहीच दिसत नाही.

कच्चं रेखाटन चित्राखालच्या ओळीशिवाय कुणाला तरी दाखवा. ‘हा काय करतोय?’ असा प्रश्न आला तर स्पष्टीकरण जोडू नका, वस्तू कमी करा. चित्राखालची ओळ चित्रात दिसतं तेच सांगत असेल तर ती मारक ठरते. चष्म्याच्या चित्राखाली ‘चष्मा हरवला’ लिहिलं तर हसू येत नाही. ‘या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ!’ हे त्या बाईच्या तोंडचं वाक्य चालतं, कारण तिला न दिसणारी गोष्ट आपल्याला दिसत असते.

पहिल्यांदा 15 × 20 सेंमीचा, साधारण 3 मिमी जाडीचा लिनोचा तुकडा घ्या. ए4 कागदावर तो मधोमध बसतो, बाजूंना 3 सेंमी समास उरतो. डोकं किमान 4 सेंमी उंच काढा, नाहीतर भाव कोरायला जागाच राहत नाही. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलने काढलेलं चित्र उलटं करून लिनोवर ठेवा आणि पाठीमागून घासा. ठसा आपोआप उलटा उमटतो आणि छापल्यावर सुलटा होतो. अक्षरं कोरणार असाल तर ती आरशात वाचून पाहा. देवनागरीत हमखास फसते ती वेलांटी, कारण उलट्या ठशात पहिलीची दुसरी झाल्यासारखी दिसते आणि हात नकळत ती ‘सुधारतो’. शिवाय 8 मिमीपेक्षा लहान अक्षरांची पोटं शाईने भरतात. म्हणून मला तरी ओळ समासात पेन्सिलने लिहिलेलीच बरी वाटते.

लिनो कडक असेल तर हेअर ड्रायरने कोमट करा. गार लिनोवर कोरणी घसरते. दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे ठेवा. वळणावर कोरणी नको, लिनो फिरवा. बाह्यरेषा व्ही आकाराच्या कोरणीने घ्या, मोकळी जागा रुंद यू कोरणीने काढा. 1 ते 1.5 मिमी खोली पुरते. खालचं तागाचं कापड दिसू लागलं तर फार खोल गेलात.

डोळे आणि भुवया शेवटी कोरा. काढलेला लिनो परत लावता येत नाही, आणि भुवई 1 मिमीने खाली आली तरी ओशाळलेला माणूस रागावलेला दिसतो. बुबुळ आधी हवं त्यापेक्षा मोठं ठेवा, चाचणी छाप काढा, मग थोडं थोडं तासा.

काचेवर शाईचा पातळ थर रोलरने पसरवा. बारीक, एकसारखा चरचर आवाज आला की थर जमला; चिकट आवाज आला तर शाई जास्त आहे. लिनोवर एकदम जाड थर देण्याऐवजी चार-पाच पातळ हात फिरवा. हाताने छापायला 80 ते 120 जीएसएमचा (चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) गुळगुळीत कागद सोयीचा. जाड कागदावर छाप प्रेसशिवाय (दाबयंत्राशिवाय) नीट उठत नाही. चमच्याच्या पाठीने गोल गोल घासा आणि एक बाजू दाबून धरून दुसरा कोपरा उचलून पाहा.

पहिल्या एक-दोन प्रती फिक्या येतात, त्या रद्दी कागदावर काढा. पुढेही पांढरे ठिपके राहिले तर शाई किंवा दाब कमी आहे. बारीक रेषा बुजल्या तर शाई जास्त झाली. कडा दुहेरी आली तर कागद सरकला; त्यासाठी पुठ्ठ्यावर लिनो आणि कागद यांच्या कोपऱ्यांच्या खुणा करून घ्या. पाण्यावरची शाई छापतानाच सुकू लागते, त्यामुळे हात भरभर चालवा. तेलावरची निवांत काम करू देते, पण प्रती वाळायला काही दिवस टांगून ठेवाव्या लागतात.

वाळल्यावर पेन्सिलने डावीकडे 7/20 (वीसपैकी सातवी प्रत) असा क्रमांक, मध्ये शीर्षक, उजवीकडे सही घाला. 20 प्रती जाहीर केल्या की एकविसावी काढायची नाही. स्कॅनवरून प्रती काढायच्या असतील तर ए3 आकाराला 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) 3508 × 4961 पिक्सेल लागतात. अशा प्रतींवर ‘पुनर्मुद्रण’ असं स्पष्ट लिहा आणि मूळ छापांचे क्रमांक त्यांना देऊ नका.