ठिबकच्या भंगारातलं मालवाहू यान

इनलाइन ठिबकची जुनी नळी कधी उभी चिरून पाहा. आत ठरावीक अंतरावर एकेक ड्रिपर चिकटलेला असतो आणि त्याच्या अंगावर नागमोडी खाचा असतात. पाण्याचा जोर मोडायला केलेल्या या खाचा करडा रंग चढला की यानाच्या पोटावरची यंत्रं वाटतात. मी वरुडकडच्या संत्रा बागांमध्ये ठिबक बसवतो, दुरुस्त करतो, त्यामुळे हा माल घरी पोत्यानं पडलेला असतो. त्यातूनच मी मालवाहू अवकाशयानाचं छोटं मॉडेल बनवतो, ते कसं ते सांगतो.

१९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधली यानंही याच पद्धतीनं सजली होती. मॉडेलवाल्यांनी बाजारातल्या रणगाड्यांच्या, विमानांच्या किटमधले सुटे भाग काढून यानांवर चिकटवले. याला किटबॅशिंग म्हणतात आणि त्या बारीकसारीक तुकड्यांना ग्रीबल. फरक एवढाच की आपल्याकडे किट महाग अन् भंगार फुकट.

कटर हातात घेण्याआधी स्केल ठरवा. मी १/१४४ धरतो, म्हणजे मॉडेल खऱ्या वस्तूच्या १४४ पट लहान. बंदाई कंपनीनं १९८० साली गंडम रोबोंची किटं याच मापात काढली, आजही त्या मापाचं पुष्कळ मिळतं. आर्किटेक्चरच्या मॉडेलसाठीची १/१५० ची माणसंही चालून जातात. आता हिशेब बघा. ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप या मापात ९ मीटर रुंद होतो. ४० सेंटीमीटरचा तुकडा कापला तर यान ५७ मीटरच्या वर जातं. आपलं पीएसएलव्ही रॉकेट ४४ मीटरचं, म्हणजे शेजारी उभं केलं तर साडेतीस सेंटीमीटर.

पण हे मोठेपण बघणाऱ्याला पाइपवरून कळत नाही, दारावरून कळतं. दोन मीटरचं दार १४ मिमी, कठडा ८ मिमी, माणूस १२ मिमीच्या आतबाहेर. शेजारच्या काकूंनी बिनदाराचं यान पाहून विचारलं होतं, "हा फिल्टर होय का रे बाप्पा?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. कठड्याला आगकाडी वापरू नका. दोन मिमीची काडी इथे जवळजवळ फूटभर जाड खांब होते. मोटर रिवायंडिंगवाल्याकडून ०.३ मिमीची तांब्याची तार मागा, ती चार सेंटीमीटरच्या नळीएवढी ठरते. हातात धरता येईल असा कठडा त्याच तारेचा होतो.

सांगाड्याला पाइप, एंड कॅप आणि रिड्यूसर. चकाकी जाईपर्यंत २२० च्या पॉलिश पेपरनं घासा. वरचे पत्रे मुदत संपलेल्या एटीएम कार्डांचे कापा. कार्ड बहुधा पीव्हीसीचं असतं, त्यामुळे पाइप जोडायचं सोल्युशन दोघांनाही धरतं. सोल्युशन अगदी पातळ लावा, जास्त झालं तर कार्ड मऊ पडून वाकतं. काम ओसरीत करा, बंद खोलीत नको, आणि जवळ चूल पेटलेली नको. आणखी पातळ पत्र्यासाठी जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून त्यात पातळ सुपर ग्लू मुरवा. कडक होतो, घासताही येतो.

आता खरी अडचण. ड्रिपर पॉलिथिलीनचा असतो. त्याला ना सोल्युशन धरत, ना फेविक्विक, ना रंग. म्हणून मी ड्रिपर स्वतः लावत नाही, त्याचा साचा काढतो. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवणाऱ्यांकडे सिलिकॉन सीलंट मिळतं. व्हिनेगरसारखा वास येणारंच घ्या. हातमोजे घालून त्यात बरोबरीनं कॉर्नफ्लोअर मळा आणि त्या गोळ्यात ड्रिपर दाबा. गोळा आळून रबरासारखा झाला की ड्रिपर सुटून येतो. मग त्या खाचांत एम-सील दाबून भरा आणि रात्रभर राहू द्या. सिलिकॉनला एम-सील चिकटत नाही, सकाळी तुकडा अलगद निघतो. एका साच्यातून हवे तेवढे काढा. हे तुकडे घासून फेविक्विकनं यानावर बसवा.

ते सगळीकडे मात्र थापू नका. इंजिनाजवळ, दाराभोवती, दोन टाक्यांच्या मधल्या खाचेत गर्दी करा आणि बाकी अंग सपाट सोडा. नजरेला कुठेतरी विसावा लागतो. फवारणीच्या औषधाच्या बाटल्या, झाकणं, पंपाचे नोझल यांना तर हातच लावू नका, कितीही सुंदर दिसोत. यवतमाळात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली आहेत.

रंगासाठी गॅरेजवाल्यांचा करडा प्रायमर स्प्रे पुरतो. मे महिन्यात दुपारी मारला तर थेंब हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. श्रावणातल्या दमट हवेत पांढुरका धूर धरतो. दिवाळी ते होळी हा आपला मोसम, तोही ऊन चढायच्या आत. वर अ‍ॅक्रिलिकचे दोन पातळ हात, मग चकचकीत अ‍ॅक्रिलिक व्हार्निश. ते पूर्ण वाळल्यावर तपकिरी ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करून खाचांत सोडा आणि वरचा पुसून घ्या.

धूळ लावताना शेतातली माती नको. अर्ध्या मिमीचा कण या मापात सात सेंटीमीटरचा दगड असतो. गेरू घ्या, वस्त्रगाळ करा. मंगळ तांबडा दिसतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे, आणि आपण तुळशीवृंदावनाला लावतो तो गेरूही तेच. मऊ ब्रशनं पायांवर, खालच्या पोटावर, शिडीच्या पायऱ्यांवर लावा. जिथे धूळ उडेल आणि बूट लागतील तिथेच. वर व्हार्निशचा जाड हात मारला तर गेरू दिसेनासा होतो, म्हणून दुरून मॅट व्हार्निशचा एकच हलका फवारा पुरे.

नंबर शेवटी. गाड्यांवर रेडियम लावणारा यंत्रावर अक्षरं कापून देतो. पाच मिमीपेक्षा लहान अक्षर सांगू नका, सोलताना फाटतं; आणि पाच मिमी म्हणजे यानावर ७२ सेंटीमीटर, तेवढं शोभतं. मी एमएच २७ टाकून घेतलं, आमच्या अमरावतीचं पासिंग. रेडियमवाल्यानं फक्त एवढंच विचारलं, "मागे कोणता देव टाकू?"