हौशी लघुपटासाठी एचडी कॅमेरा घ्यावा का, हे कसे ठरवावे

नवा कॅमेरा घ्यावा की नाही, याचे उत्तर कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात शोधण्याआधी आपल्या शेवटच्या लघुपटात शोधावे. तो लघुपट शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर, मध्ये न थांबता पाहावा. जिथे काही खटकले ती वेळ वहीत टिपावी आणि तिच्यापुढे कारण लिहावे. संवाद नीट ऐकू आला नाही, चेहरा अंधारात गेला, कॅमेरा हलला, फोकस सुटला, प्रसंग रेंगाळला, चित्र धूसर दिसले, असे जे असेल ते. मग त्या यादीतल्या किती नोंदी केवळ कॅमेरा बदलल्याने पुसल्या जातील, ते प्रामाणिकपणे मोजावे. लघुपट करणाऱ्या मित्रांबरोबर बसून मी ही यादी अनेकदा केली आहे. बहुतेक वेळा तिच्यात सर्वांत वर ध्वनी असतो, त्याखाली प्रकाश, आणि चित्राच्या स्पष्टतेची तक्रार बरीच खाली सापडते. ती वर असेल, तर मात्र पुढचा हिशेब करण्यात अर्थ आहे.

आधी आपल्याकडे आज काय आहे ते नेमके जाणून घ्यावे. मिनीडीव्ही टेपवर चित्रीकरण करणारा जुना कॅमेरा स्टँडर्ड डेफिनिशनचा, म्हणजे एचडीआधीच्या (एचडी म्हणजे हाय डेफिनिशन) कमी पिक्सेलच्या चित्राचा असतो. पाल या भारत-युरोपातील दूरचित्रवाणी पद्धतीत त्याची चौकट ७२० × ५७६ पिक्सेलची, तर एनटीएससी या अमेरिका-जपानमधील पद्धतीत ७२० × ४८० पिक्सेलची. एचडीची लहान चौकट १२८० × ७२० आणि फुल एचडीची १९२० × १०८० पिक्सेलची. पालच्या चौकटीत सुमारे ४.१५ लाख पिक्सेल असतात आणि फुल एचडीच्या चौकटीत सुमारे २०.७ लाख, म्हणजे नेमके पाचपट. चित्रपटगृहांतील डिजिटल प्रक्षेपणाची २के चौकट २०४८ × १०८० ची असते, हे लक्षात घेतले तर फुल एचडी तिच्यापासून किती जवळ आहे ते कळते. म्हणून स्टँडर्ड डेफिनिशनवरून फुल एचडीवर जाणे ही मोठी उडी आहे आणि फुल एचडीवरून ४के वर, म्हणजे तिच्या चौपट पिक्सेलच्या चौकटीवर, जाणे हा, हौशी कामापुरता तरी, वेगळ्या कारणांसाठी करायचा बदल आहे. या दोन प्रश्नांची गल्लत करू नये.

हा फरक प्रेक्षकाला दिसणार का, ते पडद्याची रुंदी आणि बसण्याचे अंतर यांवरून काढता येते. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा कोन वेगळा ओळखता येतो. एक मीटर रुंदीच्या पडद्यावर फुल एचडीचा एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा असतो, आणि सुमारे १.८ मीटरपलीकडे बसलेल्या माणसाला तो सुटा दिसत नाही. त्याच पडद्यावर ७२० पिक्सेल रुंदीचे चित्र पसरले, तर ही मर्यादा जवळपास ४.८ मीटरवर जाते. याचा अर्थ असा, की तीन मीटर अंतरावरून पाहणाऱ्याला स्टँडर्ड डेफिनिशनचा मऊपणा जाणवेल, पण फुल एचडी आणि ४के यांतील भेद जाणवणे अवघड आहे. पडदा दुप्पट रुंद केला की ही अंतरेही दुप्पट होतात. आपला लघुपट कुठे दाखवला जाणार आहे, ते ठरवून हे गणित स्वतः मांडावे. केवळ फोनवर पाहिल्या जाणाऱ्या कामाचे उत्तर वेगळे येईल आणि महोत्सवाच्या सभागृहातल्या प्रक्षेपणाचे वेगळे.

फार कमी बोलले जाते असा मुद्दा म्हणजे एचडी कॅमेरा चांगल्या गोष्टींइतक्याच प्रामाणिकपणे दोषही दाखवतो. जुन्या कॅमेऱ्याच्या मऊ चित्रात रंगभूषेची कड, कपाळावरचा घाम, मागच्या भिंतीवरचे पोपडे, पुठ्ठ्याच्या नेपथ्याचा सांधा आणि लेन्सवरची धूळ, सगळे मिसळून जात असे. फुल एचडीत ते मिसळत नाही. सर्वांत कठोर परीक्षा फोकसची होते. स्टँडर्ड डेफिनिशनच्या बहुतेक हौशी कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे भिंगामागचा प्रकाश टिपणारा भाग, लहान होता, त्यामुळे पात्र थोडे पुढेमागे झाले तरी ते स्पष्टच दिसे. मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आणि पूर्ण उघडलेले भिंग (म्हणजे प्रकाश आत घेणारे त्याचे छिद्र पूर्ण उघडे) यांच्या जोडीत स्पष्टतेचा पट्टा जवळच्या दृश्यात काही सेंटीमीटरवर येतो. असा कॅमेरा मी प्रथम वापरला, त्या संध्याकाळी एक संवादाचा प्रसंग सलग टिपला होता. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळे सुरेख दिसत होते, आणि संगणकावर उघडल्यावर कळले की अर्ध्याहून अधिक दृश्यांत फोकस अभिनेत्रीच्या डोळ्यांवर नसून कानातल्या डुलावर होता. तो प्रसंग पुन्हा चित्रित करावा लागला. म्हणून कॅमेरा निवडताना पिक्सेलच्या आकड्याआधी फोकस तपासण्याची सोय पाहावी: चित्राचा भाग मोठा करून पाहता येतो का, स्पष्ट कडा रंगाने दाखवल्या जातात का, फोकसची कडी हाताने फिरवताना तिचा अंदाज लागतो का. तुम्ही एकटेच दिग्दर्शन आणि छायाचित्रण दोन्ही सांभाळत असाल, तर भिंग थोडे बंद ठेवून स्पष्टतेचा पट्टा रुंद ठेवण्याची सवय लावावी. त्यासाठी अधिक प्रकाश लागेल, हेही हिशेबात धरावे.

प्रकाशाची गोष्ट निघालीच आहे, तर जुन्या वापरलेल्या एचडी कॅमेऱ्यांविषयी सावध करणे मला आवश्यक वाटते. तेवढ्याच आकाराच्या सेन्सरवर अधिक पिक्सेल बसवले की प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला कमी प्रकाश येतो, आणि म्हणूनच सुरुवातीच्या काळातील अनेक घरगुती एचडी कॅमेरे मंद उजेडात चांगल्या डीव्ही, म्हणजे मिनीडीव्ही टेपच्या, कॅमेऱ्याहून दाणेदार चित्र देत. २००३ साली आलेली एचडीव्ही पद्धत तर मिनीडीव्हीचीच टेप वापरी आणि १०८० ओळींच्या चित्रासाठी डीव्हीइतकाच, सेकंदाला सुमारे २५ मेगाबिटचा ओघ ठेवी. कितीतरी अधिक पिक्सेल तेवढ्याच जागेत कोंबण्यासाठी ती शेजारच्या फ्रेममधील साम्याचा आधार घेते. परिणामी हलणारी पाने, पाण्याच्या लाटा किंवा कॅमेऱ्याची जलद हालचाल यांत चित्र चौकोनी ठिगळांसारखे फुटू शकते, आणि टेपवरच्या एखाद्या लहानशा दोषाने एका फ्रेमऐवजी जवळपास अर्ध्या सेकंदाचे चित्र बिघडू शकते. आज केवळ स्वस्त मिळतो म्हणून टेपवर चालणारा एचडी कॅमेरा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २००६ साली आलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीपासून घरगुती कॅमेऱ्यांत मेमरी कार्डाचा वापर रुळला. वापरलेला कॅमेरा घ्यायचाच असेल, तर किमान तिथून पुढचा घ्यावा, आणि तोही सलग पूर्ण फ्रेम टिपणारा. एकाआड एक ओळी टिपणाऱ्या इंटरलेस्ड चित्रात हालचालीच्या कडांवर कंगव्यासारखे दाते दिसतात आणि ते नंतर घालवताना स्पष्टता जाते.

सीमॉस या प्रकारच्या सेन्सरच्या बहुतेक कॅमेऱ्यांत चित्र एकदम न वाचता वरून खाली ओळीओळीने वाचले जाते, त्यामुळे कॅमेरा झपकन वळवला की विजेचे खांब तिरके झाल्यासारखे दिसतात. हातात कॅमेरा धरून धावती दृश्ये घेण्याची तुमची शैली असेल, तर खरेदीपूर्वी हे तपासावेच.

आता संगणकाचा आणि साठवणीचा हिशेब. डीव्हीचे एका तासाचे चित्रीकरण सुमारे १३ जीबी जागा घेते. सेकंदाला ५० मेगाबिटने नोंदवलेले एक तासाचे चित्रीकरण २२.५ जीबी आणि १०० मेगाबिटने नोंदवलेले ४५ जीबी होते. दहा मिनिटांच्या लघुपटासाठी दहापट चित्रीकरण केले, तर १०० मेगाबिटच्या हिशेबाने ७५ जीबी होतील, आणि दोन वेगळ्या डिस्कवर प्रती ठेवायच्या तर एकूण १५० जीबी लागतील. जागेपेक्षा मोठी अडचण संगणकाच्या ताकदीची असते. एच.२६४ किंवा एच.२६५ पद्धतीने दाबलेली फाइल आकाराने लहान असली, तरी एक फ्रेम दाखवण्यासाठी संगणकाला मागच्यापुढच्या अनेक फ्रेम उलगडाव्या लागतात, आणि जुना संगणक संकलनात अडखळू लागतो. त्यावर उपाय आहे: मूळ फाइलींच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, तयार करून त्यांवर संकलन करावे आणि शेवटी मूळ फाइली जोडून लघुपट बाहेर काढावा. हा उपाय आधी करून पाहिला, तर कॅमेऱ्यापाठोपाठ नवा संगणकही घ्यावा लागेल का, ते कळते. मेमरी कार्डावरील व्ही३० ही खूण सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी देते. १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइटच असल्यामुळे तेवढे कार्ड पुरते, महागड्या कार्डाची गरज नसते.

ज्यांच्याकडे फुल एचडी आहे आणि ४के खुणावते आहे, त्यांनी स्वतःला विचारावे की संकलनात आपण चौकट किती वेळा बदलतो. ३८४० × २१६० च्या चित्रातून फुल एचडी लघुपटासाठी दुप्पट जवळचे दृश्य स्पष्टता न गमावता काढता येते. एकाच कॅमेऱ्याने मुलाखत किंवा नाट्यप्रयोग टिपणाऱ्याला याचा खरा लाभ होतो. रंगसंस्कारावर भर देणाऱ्यांना मात्र पिक्सेलच्या संख्येपेक्षा रंगांच्या पायऱ्यांचा उपयोग अधिक: आठ बिटच्या चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात आणि दहा बिटच्या चित्रात १०२४, म्हणून संध्याकाळचे आकाश उजळ केल्यावर आठ बिटमध्ये पट्टे दिसू लागतात, ते दहा बिटमध्ये सहसा दिसत नाहीत.

खर्चाचा क्रम ठरवताना कॅमेऱ्याच्या खोक्यावरची किंमत हा एक भाग धरावा आणि त्यात कार्डे, जादा बॅटऱ्या, डिस्क, भिंग, ट्रायपॉड व मायक्रोफोन यांची बेरीज करावी. बेरीज आवाक्याबाहेर गेली, तर आधी बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ नेता येईल असा मायक्रोफोन आणि भक्कम ट्रायपॉड घ्यावा. या दोन्ही वस्तू पुढच्या कॅमेऱ्याबरोबरही कामी येतात. कॅमेऱ्याला बाहेरचा मायक्रोफोन आणि हेडफोन जोडण्याची जागा नसेल, तर तो एचडी असला तरी लघुपटासाठी अपुरा आहे, असे मी मानतो.

एवढे करूनही मन ठरत नसेल, तर हवा असलेला कॅमेरा एका दिवसासाठी उसना किंवा भाड्याने आणावा आणि जुन्या कॅमेऱ्याच्या शेजारी ठेवून एकच छोटा प्रसंग दोन्हींवर टिपावा. त्यात खिडकीजवळ बसलेला चेहरा, एका दिव्याच्या उजेडातली खोली, झाडाची हलणारी पाने आणि चालणारे पात्र एवढे तरी असावे. त्याच दिवशी फाइली संगणकावर घेऊन संकलन, रंग आणि अंतिम फाइल इथपर्यंतचा सारा प्रवास पूर्ण करावा, कारण अनेक अडचणी तिथेच उघड होतात. मग दोन्ही आवृत्त्या नेहमीच्या पडद्यावर, कोणती कुठली हे न सांगता, चारपाच जणांना दाखवाव्यात. त्यांनी फरक आपणहून सांगितला आणि तो तुमच्या वहीतल्या तक्रारींशी जुळला, तर कॅमेरा घ्यावा. त्यांना ध्वनीच खटकला, तर पैसे त्या कामी लावावेत.

जुना टेप कॅमेरा मात्र लगेच विकू नये. तुमच्या सगळ्या टेप वाचणारे यंत्र तोच आहे, आणि डीव्ही कॅमेऱ्यातील चित्रण मूळ दर्जात संगणकावर उतरवण्यासाठी लागणारी फायरवायर जोडणी नव्या संगणकांत आता येत नाही. ती असलेला जुना संगणक हाताशी असेपर्यंत प्रत्येक टेप पूर्ण उतरवून घ्यावी. एका तासाच्या टेपला एक तासच लागतो, हे लक्षात घेऊन वेळ राखून ठेवावा. फाइलींच्या दोन प्रती सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासून झाल्यावरच तो कॅमेरा दुसऱ्याला द्यावा.