ई-चलान कोर्टात गेलं? पैसे भरण्याआधी या चुका टाळा

चलानाच्या बाबतीत लोकांचं नुकसान दंडाच्या रकमेपेक्षा चुकीच्या जागी पैसे भरण्यामुळे जास्त होतं. एकाच गाडीच्या नोंदी वेगवेगळ्या दप्तरांत असू शकतात: राज्य वाहतूक पोलिसांचं महाट्रॅफिक पोर्टल, केंद्राचं परिवहन ई-चलान पोर्टल, व्हर्च्युअल कोर्ट (चलानाची प्रकरणं ऑनलाइन हाताळणारं न्यायालय) आणि प्रत्यक्ष न्यायालय. एका दप्तरात ‘भरले’ दिसलं की बाकीच्यांतही तसंच दिसेल, हे गृहीत धरू नका. आपलं प्रकरण नेमकं कुठे आहे ते आधी शोधा, पैशाचं नंतर.

एकच पोर्टल पाहून ‘काही बाकी नाही’ म्हणणं

महाट्रॅफिकवर गाडी क्रमांक आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकले की महाराष्ट्र पोलिसांची चलानं दिसतात. पण नाशिकहून सापुताऱ्याला किंवा पेठमार्गे सुरतेला गेला असाल, तर गुजरातचं चलान तिथे शोधून सापडणार नाही. ते केंद्राच्या परिवहन पोर्टलवर पाहायचं. आरटीओच्या वायुवेग (भरारी) पथकाने केलेली कारवाईही तिथेच बघावी. ती पुढे गेली असेल तर व्हर्च्युअल कोर्टाच्या यादीत ‘महाराष्ट्र (ट्रान्सपोर्ट डिपार्टमेंट)’ हा पर्याय निवडून शोधावी. तिथे मोबाइल क्रमांक, सीएनआर क्रमांक (न्यायालयातल्या प्रत्येक केसचा स्वतंत्र क्रमांक), पक्षकाराचं नाव आणि चलान किंवा वाहन क्रमांक असे शोधाचे चार मार्ग आहेत. जुना मोबाइल क्रमांक बंद झाला असेल तर पहिला मार्ग उपयोगाचा नाही, थेट वाहन क्रमांक टाका.

शोध घेताना पत्ता हाताने टाइप करा आणि शेवट ‘गव्ह डॉट इन’ आहे ना, ते बघा. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी) फाइल आली तर ती उघडू नका. सरकार चलान एपीकेत पाठवत नाही. चुकून उघडलीच तर आधी नेट बंद करा, बँकेला कळवा आणि १९३० वर तक्रार करा.

फोटो न पाहता रक्कम भरणं

चलान उघडल्यावर आधी फोटो मोठा करून बघा. गाडीचा प्रकार, रंग, नंबरप्लेटवरचे अंक, ठिकाण आणि वेळ अशी एकेक गोष्ट ताडून पाहा. ८ आणि बी, शून्य आणि डी यांची गल्लत नेहमीची. त्यात आपल्याकडे ४१४१ चं ‘दादा’ करून मिरवणारी मंडळी आहेत. असली प्लेट वाचताना एक अंक चुकला की दंड भलत्याच्याच नावावर पडतो. तुमची कार आणि फोटोत स्कूटर, असं असेल तर पैसे न भरता पोर्टलवर किंवा महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवा. सोबत आरसी आणि चारी बाजूंनी काढलेले गाडीचे फोटो जोडा. मेक, मॉडेल, रंग सगळं तुमच्यासारखंच असेल आणि गाडी मात्र त्या वेळी घरी उभी असेल, तर तुमच्या नंबरची बनावट प्लेट फिरते आहे. अशा वेळी नुसती ऑनलाइन तक्रार पुरत नाही. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. पुढची चलानं आली की ही पोचच कामाला येते.

गाडी नाशिकची म्हणून कोर्टही नाशिकचं समजणं

सगळ्यात जास्त हेलपाटे यातच होतात. एमएच १५ ही नोंदणीची खूण झाली. खटला कुठे चालणार हे गुन्हा कुठे घडला त्यावरून ठरतं. चलानावर कारवाई करणाऱ्या युनिटचं नाव असतं, ते वाचा. शहर आयुक्तालय, ग्रामीण पोलीस आणि महामार्ग पोलीस ही वेगळी युनिटं आहेत. कसारा घाटाच्या अलीकडे इगतपुरी हद्दीत कारवाई झाली असेल तर नाशिकच्या सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हा न्यायालयात विचारून हाती काही लागणार नाही. समृद्धी महामार्गावर सिन्नरच्या हद्दीत झाली असेल तरी तेच. नाशिकरोडलाही स्वतंत्र न्यायालय आहे, हे शहरातल्यांच्याही लक्षात राहत नाही.

प्रत्यक्ष न्यायालयातली केस ई-कोर्ट्स सेवेवर शोधता येते. राज्य, जिल्हा, न्यायालय संकुल निवडा आणि पक्षकाराच्या नावाने शोधा. किमान तीन अक्षरं आणि वर्ष लागतं. इथे माणसं अडकतात ती स्पेलिंगमध्ये. नोंद आरसीवरच्या नावाने झालेली असते, त्यामुळे आडनाव आधी, नाव आधी, वडिलांच्या नावासह, असं फिरवून बघा. गाडी फर्मच्या नावावर असेल तर फर्मचं नाव टाका. ‘प्रलंबित’मध्ये काही सापडलं नाही तर ‘निकाली’ही तपासा. केस मिळाली की सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक लिहून ठेवा, पुढची तारीख आणि आदेश त्यावरच दिसतात. ऑनलाइन काहीच नसेल तर चलानाची प्रत घेऊन आधी वाहतूक शाखेत जा आणि प्रकरण कोणत्या न्यायालयात, कोणत्या तारखेला दाखल केलं ते विचारा. तो तपशील हातात नसेल तर कोर्टातला कर्मचारी तरी शोधणार कुठे?

लोकअदालतीची नोटीस आणि समन्स एकच समजणं

लोकअदालतीचा एसएमएस ही बहुधा दाखलपूर्व नोटीस असते, म्हणजे खटला अजून दाखल झालेला नसतो. तिथे गेला नाहीत तर वॉरंट निघत नाही. समन्सची गोष्ट निराळी. समन्सवर गैरहजर राहिलात तर आधी जामीनपात्र आणि मग अजामीनपात्र वॉरंट निघू शकतं. वॉरंट निघाल्याचं कळलं की पोलीस घरी येण्याची वाट पाहू नका. वकिलामार्फत त्याच न्यायालयात वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या.

‘लोकअदालतीत निम्म्यात काम होतं’ ही ऐकीव गोष्ट धरून बसू नका. सवलत हा हक्क नाही, ती त्या वेळच्या तडजोडीवर अवलंबून असते. शिवाय ‘मी चूक केलीच नाही’ हा वाद तिथे चालत नाही, आणि निवाड्यावर अपीलही नाही. वाद घालायचा असेल तर नियमित न्यायालयच गाठावं लागेल. तडजोड करायची असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात काही दिवस आधी जाऊन आपलं प्रकरण यादीत आहे का ते बघा. दारू पिऊन गाडी चालवल्याचं, म्हणजे कलम १८५ चं प्रकरण तडजोडीत बसत नाही, त्यामुळे ते लोकअदालतीतही मिटत नाही.

व्हर्च्युअल कोर्टात घाईने बटण दाबणं

प्रकरण उघडलं की प्रस्तावित दंड दिसतो आणि खाली दोन पर्याय येतात: दंड भरणे किंवा केस लढवणे. ‘आधी भरू, मग भांडू’ असं इथे होत नाही. दंड भरला की ती कबुली धरली जाते आणि प्रकरण निकाली निघतं. उलट, दंड कमी होईल या आशेने ‘लढवणे’ निवडलं तर प्रकरण नियमित न्यायालयात जातं आणि तारखा सुरू होतात. खात्यातून पैसे गेले पण स्थिती बदलली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. बँकेचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि पुन्हा त्याच प्रकरणात जाऊन स्थिती तपासा.

आजची कागदपत्रं घेऊन कोर्टात उभं राहणं

विमा किंवा पीयूसी नसल्याचं चलान असेल तर गुन्ह्याच्या दिवशी ती वैध होती का, एवढाच प्रश्न असतो. नंतर काढलेल्या पॉलिसीने गुन्हा पुसला जात नाही. त्या तारखेची पॉलिसी असेल तर तिची प्रत न्या. डिजिलॉकर आणि एम-परिवहनमधली कागदपत्रं चालतात, पण न्यायाधीशांपुढे मोबाइल पुढे करण्यापेक्षा छापील प्रत बरी.

कबुली देण्याआधी कलम वाचा. रस्त्यावरचं तडजोड शुल्क, म्हणजे खटल्याविना प्रकरण मिटवण्याची रक्कम, राज्याच्या अधिसूचनेने ठरतं. प्रकरण कोर्टात गेलं की कायद्यातला दंड लागतो. हेल्मेटसाठी कलम १९४-डी मध्ये १,००० रुपये आणि तीन महिने लायसन्स अपात्रता आहे. विम्याच्या कलम १९६ मध्ये पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. समन्सवर कलम २०८ नुसार पत्राने कबुली देऊन ठरलेली रक्कम पाठवण्याची सोय दिली असेल तर ती जरूर वापरा. त्या कलमानुसार अशा कबुलीमुळे लायसन्स अपात्र होत नाही.

चलान फार जुनं असेल तर आणखी एक मुद्दा तपासून घ्या. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सहा महिन्यांत, आणि एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद असलेल्या गुन्ह्यात एक वर्षात न्यायालयाने दखल घ्यायची असते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ५१४). मुदत उलटल्याने पोर्टलवरची नोंद आपोआप पुसली जात नाही. हा आक्षेप न्यायालयातच घ्यावा लागतो, आणि तो वकिलाकडून घेतलेला बरा.

पावती मिळाली म्हणजे काम झालं, असं मानणं

न्यायालयात दंड भरल्यावर मिळालेल्या पावतीवर केस क्रमांक नीट आहे ना, ते तिथेच बघा. आठवड्याभराने ई-कोर्ट्सवर केस ‘निकाली’ दिसते का ते तपासा. आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठी नक्कल विभागात अर्ज करा आणि पावतीसह एक प्रत वाहतूक शाखेत देऊन पोच घ्या, म्हणजे पोर्टलवरची नोंद बंद करून घेता येईल. उलट्या बाजूने, केस दाखल झाल्यावर पोर्टलवर पैसे भरले असतील तर ती पावती पुढच्या तारखेला न्यायालयापुढे ठेवा, नाहीतर तिकडे खटला चालूच राहील. पेठ रोडच्या आरटीओत गाडी नावावर करायला किंवा एनओसीला जाण्याआधी हे सगळं उरकून घ्या, बाकी चलान दिसलं की अर्ज तिथेच अडतो.

आणि गाडी विकली असेल तर मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून मोकळे होऊ नका. नोंदणीत नाव बदलेपर्यंत प्रत्येक चलान जुन्या मालकाच्याच नावावर निघतं. विक्रीचा करार, ताबापावती आणि खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत त्यासाठी जवळ असू द्या.